परदेशी विद्यापीठ आणि शिष्यवृत्तीसाठीचा निबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर पदवीसाठी, किंवा बीई, बीएस्सी, बीकॉम, बीए झाल्यावर मास्टर्ससाठी परदेशात अर्ज करणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक निबंधाबद्दल जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची ही उत्तरं. अर्ज भरायला बसता तेव्हा गुणपत्रिका ठरून गेलेली असते, परीक्षांचे स्कोअर बहुधा आलेले असतात. निबंध मात्र शेवटच्या दिवसापर्यंत तुमच्या हातात असतो. म्हणूनच तो घाईत उरकलेला पाहिला की वाईट वाटतं.

एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज), पर्सनल स्टेटमेंट, मोटिव्हेशन लेटर, पर्सनल एसे : हे सगळं एकच ना?

नाही. एकाच मजकुराचं शीर्षक बदलून चार ठिकाणी पाठवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

अमेरिकेत पदवीच्या अर्जासोबत जो पर्सनल एसे लागतो, त्यात विषयापेक्षा माणूस कळायला हवा असतो. तुम्ही कसा विचार करता, कशाने अस्वस्थ होता, कोणतं काम मनापासून करता हे त्यातून दिसावं. ब्रिटनमध्ये पदवीसाठीचं पर्सनल स्टेटमेंट याच्या उलट आहे. ते जवळजवळ पूर्णपणे विषयाबद्दल असतं. तिथे आजीची आठवण आणि पहिला पाऊस यांना जागा नाही. मास्टर्स आणि पीएचडीसाठी एसओपी लागते: कोणत्या प्रश्नावर काम केलंत, पुढे काय शिकायचं आहे, ते इथेच का. युरोपात, म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स किंवा एरास्मस मुंडसच्या (युरोपातल्या अनेक विद्यापीठांच्या संयुक्त मास्टर्सच्या) अभ्यासक्रमांना, मोटिव्हेशन लेटर मागतात. ते एक-दोन पानी पत्रच असतं आणि त्यात अभ्यासक्रमाच्या रचनेशी तुमचा मेळ कसा बसतो हे दाखवायचं असतं.

गोंधळ वाढतो तो नावांमुळे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत मास्टर्स-पीएचडीला दोन वेगळे निबंध लागतात. उदाहरणार्थ, बर्कलीला एसओपीसोबत 'पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट' द्यावं लागतं. पहिल्यात अभ्यास, दुसऱ्यात तुमची पार्श्वभूमी. दोन्हींत तोच मजकूर घातला, तर एक संधी वाया गेली असं समजा. नावावर जाऊ नका. अर्जात छापलेला प्रश्न वहीत उतरवून घ्या, त्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारा आणि प्रत्येक क्रियापदाला निबंधात उत्तर आहे का ते तपासा.

लिहायला कधी बसावं?

पहिल्या अंतिम तारखेच्या किमान आठ आठवडे आधी. कॉमन ॲप, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना पदवीसाठी एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं पोर्टल, दरवर्षी १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. अमेरिकेतल्या 'अर्ली' अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर आणि नियमित अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीची असते. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी यूकासची (तिथल्या पदवीच्या अर्जांच्या सामाईक पोर्टलची) मुदत १५ ऑक्टोबरला संपते. अमेरिकेतल्या मास्टर्सचे बरेच अर्ज डिसेंबर ते जानेवारी मध्यापर्यंत घेतले जातात. आपल्याकडे याच काळात दिवाळी आणि सेमिस्टरच्या परीक्षा येतात, त्यामुळे 'सुट्टीत लिहीन' हा बेत बहुधा फसतो.

आठ आठवड्यांतले पहिले दोन नुसते जमवाजमवीचे. एकही परिच्छेद लिहू नका, फक्त वहीत टिपणं काढा. तिसऱ्या आठवड्यात पहिला खर्डा, मर्यादेच्या दीडपट लांब झाला तरी चालेल. चौथ्या आठवड्यात त्याला हात लावू नका. मग पुढच्या तीन आठवड्यांत तीन-चार वेळा पुन्हा लिहा. पुन्हा लिहिणं म्हणजे कोरी फाईल उघडून. जुन्यातच शब्द बदलत बसलात तर रचना तीच राहते. शेवटचा आठवडा व्याकरण आणि शब्दमोजणीला.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. मग काय लिहू?

हा प्रश्न विचारणाऱ्यांकडे बहुधा चांगला विषय असतो; तो मोठा दिसत नाही म्हणून ते बाजूला ठेवतात. एव्हरेस्ट चढलेला अर्जदार कोणी शोधत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला घडून गेलेल्या गोष्टीचा अर्थ लावता येतो का, हे वाचणाऱ्याला पाहायचं असतं.

वहीत तीन याद्या करा. पहिलीत : कोणीही सांगितलं नसताना, गुण मिळणार नसताना तुम्ही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ करत राहिलेल्या गोष्टी. घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही एक्सेलमध्ये नेणं, धाकट्या भावाला रोज गणित शिकवणं, एसटीच्या प्रवासात थांब्यांची नोंद ठेवणं, काहीही. दुसरीत : तुमचं मत बदललं असे प्रसंग. आधी काय वाटत होतं, नंतर काय, आणि बदल कशाने झाला. तिसरीत : तुम्ही चुकलात आणि ती चूक स्वतः शोधून काढलीत अशा वेळा. प्रत्येक यादीत किमान दहा नोंदी हव्यात. पहिल्या चार-पाच सगळ्यांच्या सारख्याच निघतात. तुमची स्वतःची नोंद बहुधा सातव्या-आठव्या जागी येते.

मग विषय निवडताना एकच कसोटी लावा : हा परिच्छेद वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या अर्जात जसाच्या तसा बसेल का? बसत असेल तर तो अजून तुमचा झालेला नाही.

कोणते विषय टाळावेत?

विषय म्हणून पूर्ण वर्ज्य असं काही नाही, पण काही वाटा फार मळलेल्या आहेत. लहानपणी खेळणी आणि रेडिओ उघडून पाहण्याची हौस (इंजिनिअरिंगच्या असंख्य अर्जांची सुरुवात हीच असते), डॉ. कलामांचं वाक्य, क्रिकेटमधली दुखापत आणि पुनरागमन, अनाथाश्रमाला दिलेली एका दिवसाची भेट, जेईईतलं अपयश आणि 'त्यातून मी खूप शिकलो'. यांतलंच काही तुमच्या बाबतीत खरंच निर्णायक असेल तर लिहा, पण मग मधला भाग इतका नेमका हवा की तो दुसऱ्या कोणाचा असूच शकणार नाही. सुरुवातीला थोरांचं वचन देऊ नका. कॉमन ॲपच्या ६५० शब्दांतले २५ दुसऱ्याला का द्यायचे?

कॉमन ॲपच्या निबंधाची चौकट काय आहे?

सात प्रश्नांपैकी एकाचं उत्तर, किमान २५० आणि कमाल ६५० शब्द. सातवा प्रश्न 'तुमच्या आवडीचा कोणताही विषय' असा असतो. हा एकच निबंध त्या पोर्टलवरून अर्ज केलेल्या, निबंध मागणाऱ्या सगळ्या कॉलेजांना जातो, त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घालू नका. त्याशिवाय अनेक कॉलेजं स्वतःचे छोटे पुरवणी निबंध मागतात. 'आमचंच कॉलेज का?' हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. त्याच्या उत्तरात परिसर, हवामान आणि क्रमवारी यांचं कौतुक नको. कोणता कोर्स, कोणती प्रयोगशाळा, कोणता विद्यार्थीगट आणि तिथे जाऊन तुम्ही काय कराल, एवढंच.

कॅलिफोर्निया विद्यापीठसमूहाची पद्धत वेगळी आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे कॅम्पससाठी एकच अर्ज असतो आणि आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत लिहायची असतात. तिथे साहित्यिक सुरुवात, नाट्यमय शेवट नको. प्रश्नाचं सरळ उत्तर, ठोस माहितीसह. चार उत्तरांत चार वेगवेगळ्या बाजू येतील अशी निवड करा. चारही रोबोटिक्स क्लबबद्दल असतील तर तीन वाया गेली.

यूकासचं स्टेटमेंट बदललं म्हणतात, ते काय?

२०२६ च्या प्रवेशांपासून एकसलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले आहेत. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे. आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली. आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत व ते उपयोगी का आहे. तिन्ही मिळून मर्यादा ४,००० कॅरेक्टर, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टरचं हवं. इथे शब्द नव्हे, कॅरेक्टर मोजतात हे लक्षात ठेवा. इंग्रजीत ते साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात.

हे एकच स्टेटमेंट तुम्ही निवडलेल्या पाचही अभ्यासक्रमांना जातं. म्हणून एका ठिकाणी अर्थशास्त्र आणि दुसऱ्या ठिकाणी मेकॅनिकल इंजिनिअरिंग अशी निवड केली, तर स्टेटमेंट दोन्हीकडे अर्धवट वाटतं. दुसऱ्या प्रश्नात गुण पुन्हा लिहू नका, ते अर्जात आहेतच. अभ्यासक्रमातला एखादा धडा किंवा प्रयोग घ्या आणि त्याने पुढे कुठे नेलं ते सांगा : कोणतं पुस्तक वाचलं, त्यातलं काय पटलं नाही. 'मला वाचनाची आवड आहे' या वाक्याऐवजी एका पुस्तकातल्या एका युक्तिवादाशी घातलेला वाद कितीतरी जास्त सांगून जातो.

मास्टर्सच्या एसओपीची रचना कशी असावी? उदाहरण द्या.

समजा मर्यादा १,००० शब्दांची आहे. पहिले शंभर-सव्वाशे शब्द तुम्हाला सतावणाऱ्या प्रश्नाला. पुढचे सुमारे चारशे एका किंवा जास्तीत जास्त दोन कामांना : प्रकल्प, इंटर्नशिप, नोकरी. मग दीडशे शब्द 'मला अजून काय येत नाही' यासाठी. दोनशे या अभ्यासक्रमासाठी, उरलेले पुढच्या बेतासाठी. पहिली ते पदवीपर्यंतचा कालक्रम देऊ नका, तो सीव्हीत असतो.

'काय येत नाही' हा भाग बहुतेकजण गाळतात. कमीपणा दिसेल अशी भीती वाटते. खरं तर सगळी एसओपी याच भागावर उभी असते. तुम्हाला सगळंच येत असेल तर शिकायला कशाला यायचं? आधीच्या कामात जिथे अडलात, ती अडचण आणि या अभ्यासक्रमातला विशिष्ट कोर्स यांची सांधेजोड झाली की वाचणाऱ्याला तुमचा अर्ज पटतो.

आता उदाहरण. समजा साताऱ्याच्या माण तालुक्यातली एक विद्यार्थिनी सिव्हिल इंजिनिअरिंग करून जलव्यवस्थापनातल्या मास्टर्ससाठी, म्हणजे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आयएचईसारख्या संस्थेत, अर्ज करते आहे. पहिला खर्डा साधारण असा येतो : 'पाणी हेच जीवन आहे. दुष्काळी भागात वाढल्यामुळे मला लहानपणापासून पाण्याचं महत्त्व माहीत आहे आणि जलव्यवस्थापनाची प्रचंड आवड आहे.' यातला एकही शब्द खोटा नाही, पण या दोन वाक्यांतून ती दिसत नाही.

तिने याद्या केल्यावर असं निघतं : 'शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी गावातल्या १४ विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी वजन बांधलेल्या टेपने मोजली. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे जुळेनात. शेजारशेजारच्या विहिरींत तीन मीटरचा फरक येत होता. शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री येत असल्यामुळे माझ्या काही नोंदी पंप चालू असताना घेतल्या गेल्या होत्या, हे मला उशिरा कळलं. मी त्या चार नोंदी रद्द केल्या, प्रत्येक वीज फीडरचं वेळापत्रक मिळवलं आणि पंप बंद होऊन किमान सहा तास झाल्यावरच मोजायला लागले.' पुढचं वाक्य आपोआप सुचतं : पातळी मोजता आली, पण उपसा किती झाला तर ती किती उतरेल हे सांगणारं भूजलाचं मॉडेल बांधता आलं नाही. म्हणून हा अभ्यासक्रम.

दुसऱ्या खर्ड्यात 'आवड' हा शब्द कुठेही नाही. वजनाची टेप आहे, रद्द केलेल्या नोंदी आहेत, स्वतःची चूक आहे. मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाला अशी विद्यार्थिनी हवी असते, कारण मोजमाप चुकलं तर ती लपवणार नाही हे त्याला दिसतं. तुमचा विषय कायदा असो की कॉम्प्युटर, असा एक परिच्छेद प्रत्येक एसओपीत असलाच पाहिजे.

प्राध्यापकांची नावं लिहावीत का?

पीएचडी आणि संशोधनाच्या मास्टर्ससाठी हो, दोन किंवा तीन. त्यांचा अलीकडचा किमान एक शोधनिबंध वाचून, तुमच्या प्रश्नाशी त्याचा नेमका संबंध सांगता आला तरच. निवृत्त झालेल्या किंवा दुसरीकडे गेलेल्या प्राध्यापकाचं नाव आलं की जुन्या वेबपानावरून उतरवल्याचं लगेच उघड होतं. फक्त वर्गशिक्षणाच्या मास्टर्सला नावांपेक्षा कोर्सची आणि प्रकल्पाची रचना महत्त्वाची.

स्वतःबद्दल एवढं लिहायला संकोच वाटतो. आत्मस्तुती वाटणार नाही का?

हा संकोच खरा आहे आणि तो आपल्या संस्कारातून येतो. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये असं शिकवलेलं असतं, आणि बोलतानाही आपण सहज 'आम्ही केलं' म्हणतो. निबंधात त्यामुळे दोन गोष्टी बिघडतात. एक, सगळीकडे 'आम्ही' येतं आणि चौघांच्या प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलं ते कळत नाही. दोन, कर्मणी रचना वाढते : 'सर्वेक्षण करण्यात आले', 'ॲप बनवण्यात आलं'. कोणी?

विशेषणं काढून टाका आणि क्रियापदं ठेवा. स्तुती आपोआप जाते. 'मी उत्तम नेता आहे' ही स्तुती झाली. 'पथकातल्या ६० जणांच्या सरावाचं वेळापत्रक मी बनवत असे. बारावीच्या मुलांसाठी मी रविवारचा वेगळा सराव सुरू केला' ही माहिती झाली. सहकाऱ्यांचं श्रेयही द्या, एका वाक्यात : 'सर्किट माझ्या मित्राने बनवलं, त्यातला कोड आणि चाचणी माझी.' अशा वाक्याने तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत करावं का?

टिपणं आणि याद्या मराठीतच करा. ज्या भाषेत ते घडलं, त्याच भाषेत ते नीट आठवतं. खर्डा मात्र थेट इंग्रजीत लिहा. वाक्यागणिक भाषांतर केलं की वाक्यं लांबतात आणि आपल्या म्हणी तिथे अर्थहीन होतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. कोशातून शोधलेले जड शब्द वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात, आणि मुलाखतीत तेच शब्द तुमच्या तोंडी आले नाहीत तर आणखी खटकतात.

आपल्याकडच्या इंग्रजीतल्या काही सवयी मात्र खोडाव्याच लागतात. 'पास्ड आऊट' म्हणजे तिकडे बेशुद्ध पडणं. पदवी मिळाली यासाठी 'ग्रॅज्युएटेड' लिहा. लाख-कोटी कळत नाहीत, आकडा हजार-दशलक्षात द्या आणि रुपयांचा अंदाजे डॉलर किंवा पौंडातला अर्थही. 'केटी', 'बॅकलॉग', 'एनएसएस' हे शब्द पहिल्यांदा येतील तिथे चार शब्दांत उलगडा. गणेशमंडळ, वारी, महिला बचत गट यांनाही अर्ध्या वाक्याची ओळख द्या, पण त्यावर संस्कृतीचं व्याख्यान नको. तारीख ५/८ अशी लिहू नका, अमेरिकेत ती ८ मे होते. आणि स्पेलिंग ब्रिटिश ठेवायचं की अमेरिकन, ते एकदा ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवा.

घरची गरिबी, आजारपण, वडिलांचं जाणं, दुष्काळ : हे लिहावं का?

त्याचा तुमच्या शिक्षणावर परिणाम झाला असेल तर नक्की लिहा. तो तुमच्या अर्जाचा संदर्भ आहे आणि वाचणाऱ्याला तो कळायलाच हवा. प्रमाण सांभाळा : एक तृतीयांशापेक्षा कमी भाग परिस्थितीला, बाकीचा तुम्ही त्यात काय केलंत याला. 'वडील गेल्यावर मी अकरावीत असताना दुकान सकाळी सहा ते नऊ उघडत असे आणि मग कॉलेजला जात असे' हे वाक्य दुःखाच्या पानभर वर्णनापेक्षा जड आहे. दया वाटावी म्हणून लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याला अवघडवून टाकतो.

घरातल्या दुसऱ्या कोणाचा आजार किंवा व्यसन लिहिणार असाल तर त्यांना विचारा. आणि जी जखम अजून ओली आहे, तिच्यावर लिहायची सक्ती नाही. ते न लिहिल्याने अर्ज कमजोर होत नाही.

गुण कमी आहेत, केटी लागली, मध्ये एक वर्ष गेलं. सांगू की लपवू?

गुणपत्रिकेत जे दिसतं ते लपत नाही. दोन ते चार वाक्यांत सांगा : काय झालं, किती काळ चाललं, काय बदललं, आणि बदलाचा पुरावा. 'तिसऱ्या सेमिस्टरला डेंग्यूमुळे पाच आठवडे गैरहजर होतो, दोन विषय राहिले, दोन्ही पुढच्या सत्रात सुटले आणि त्यानंतरची सरासरी अमुक' एवढं पुरे. विद्यापीठाला, पेपर तपासणाऱ्यांना दोष देऊ नका. अर्जात 'अतिरिक्त माहिती'चा रकाना असेल तर हे तिथे घाला, मुख्य निबंधाची जागा यात घालवू नका.

तुमच्या विद्यापीठात गुण कमीच दिले जात असतील तर वर्गातला क्रमांक सांगा : '१२० पैकी सहावा'. टक्क्यांचं चारच्या मापात (अमेरिकेतल्या चारपैकी जीपीएमध्ये) स्वतःच रूपांतर करू नका. मागितलं नसेल तर मूळ गुणच द्या.

शिष्यवृत्तीचा निबंध वेगळा का लिहावा लागतो?

विद्यापीठ विचारतं, 'हा विद्यार्थी इथे काय शिकेल?' शिष्यवृत्ती देणारा विचारतो, 'माझा पैसा याच्यामार्फत कुठे पोहोचेल?' हा हिशोब जुनाच आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. देणाऱ्याचा हेतू आधी समजून घ्या, मग पेन उचला.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. तिच्यासाठी नेतृत्व, लोकांशी संबंध जोडणं, ब्रिटनमधला अभ्यास आणि पुढची कारकीर्द अशा चार विषयांवर लिहावं लागतं. किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. नेतृत्वाच्या उत्तरात पदांची यादी देणं ही नेहमीची चूक आहे. एक प्रसंग घ्या : अडचण काय होती, लोक का ऐकत नव्हते, तुम्ही काय केलंत, नंतर काय टिकलं. कारकिर्दीच्या उत्तरात 'देशसेवा' असं मोघम न लिहिता परतल्यावर पहिल्या दोन वर्षांत कोणत्या प्रकारच्या संस्थेत, कोणत्या पदावर काम कराल, पाच वर्षांत कुठे असाल ते लिहा. चारही उत्तरं एकाच माणसाची वाटली पाहिजेत.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो, आणि जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसामुळे दोन वर्षं भारतात परतावं लागतं. इथे दोन देशांमधला दुवा म्हणून तुम्ही कसे वावराल हेही पाहतात. त्यामुळे 'अमेरिकेत संधी जास्त आहेत' असा सूर लागला की अर्ज तिथेच पडतो. एरास्मस मुंडसमध्ये शिक्षण किमान दोन देशांत होतं; मोटिव्हेशन लेटरमध्ये कोणतं सत्र कुठे आणि त्याचा तुमच्या विषयाशी काय संबंध, हे आलंच पाहिजे. 'युरोप फिरायला मिळेल' याची छटाही नको.

जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. त्याच्या सुरुवातीच्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे कोल्हापूरकरांना ठाऊक असायला हवं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथे निबंधापेक्षा कागदपत्रं आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी यांवर भर असतो. पण मुळात त्या विद्यापीठात प्रवेश मिळवायला एसओपी लागतेच, म्हणून ती दुय्यम समजू नका.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

कॉमन ॲपच्या नियमांत एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं २०२३ पासून फसवणुकीत मोडतं. यूकासनेही मजकूर किंवा त्याचा मोठा भाग एआयकडून घेणं गैरप्रकार ठरू शकतो असं सांगितलेलं आहे. प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो, तो अर्जाआधी वाचा.

नियम बाजूला ठेवला तरी त्याने नुकसानच होतं. यंत्राला तुमच्या विहिरीची टेप माहीत नाही. ते सरासरी लिहितं, आणि वाचणाऱ्यासमोर त्याच दिवशी तशीच वीस गुळगुळीत स्टेटमेंटं आलेली असतात. परवानगी असेल तिथे व्याकरण तपासायला, 'या परिच्छेदात काय कळत नाही' असं विचारायला ते वापरा. वाक्यं तुमचीच ठेवा.

एजन्सी एसओपी लिहून देते म्हणतात. घ्यावी का?

लिहून घेऊ नका. एकाच साच्यातून शेकडो निघतात आणि त्या ओळखू येतात. यूकास प्रत्येक स्टेटमेंट साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढतं आणि साम्य आढळलं तर विद्यापीठांना कळवतं. २००७ मध्ये सुमारे ५०,००० स्टेटमेंट तपासली, तेव्हा आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेटने पायजम्याला भोकं पाडल्याची एकच आठवण २३४ जणांच्या अर्जांत सापडली. इंटरनेटवरचे 'यशस्वी नमुने' वाचायचेच असतील तर स्वतःचा खर्डा झाल्यावर वाचा. आधी वाचले की त्यांची चाल आपल्या लिखाणात येते.

तपासायला कोणाला द्यावं?

तिघांना, जास्त नाही. विषय जाणणारा एक, विषयाबाहेरचा एक, आणि तुम्हाला जवळून ओळखणारा एक. पहिल्याला विचारा, 'यात चूक काय आहे?' दुसऱ्याला, 'कुठे कंटाळा आला?' तिसऱ्याला, 'हा मीच आहे का?' आठ-दहा जणांनी हात फिरवला की निबंध कोणाचाच राहत नाही. पालकांनी वाचावं, पण वाक्यं बदलू नयेत. पंचेचाळिशीतल्या माणसाची भाषा सतरा वर्षांच्या अर्जात उठून दिसते.

शिफारसपत्र स्वतः लिहून सरांची सही घेतात, ते चालतं का?

आपल्याकडे ही पद्धत फार रुळली आहे आणि ती सोडायला हवी. ते गैर आहेच, शिवाय निबंध आणि तीन शिफारसपत्रं यांची भाषा एकच निघते. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना सहा आठवडे आधी एक पान द्या : त्यांच्या वर्गातला तुमचा प्रकल्प, त्याची तारीख, तिथे काय अडलं, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज आहे, मुदत कधी. निबंधाची प्रतही द्या, म्हणजे तेच प्रसंग पुन्हा येणार नाहीत.

२०० शब्द जास्त झाले आहेत. कुठे कापू?

पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. बहुतेक वेळा निबंध तिथूनच सुरू होतो. मग शेवटच्या परिच्छेदातलं आधीच्या गोष्टींचं पुन्हा सांगणं काढा. 'खूप', 'अत्यंत', 'मला असं वाटतं की' हे काढा. सीव्हीत असलेला प्रत्येक पुरस्कार काढा, त्यामागची गोष्ट सांगत नसाल तर. एवढं करूनही उरले तर दोन प्रसंगांपैकी एक पूर्ण उचलून टाका. दोन्ही थोडे थोडे छाटले की दोन्ही मरतात.

पाठवण्याआधी काय तपासायचं?

कॉर्नेलच्या अर्जात कोलंबियाचं नाव राहणं ही दरवर्षीची चूक आहे. प्रत्येक फाईलमध्ये बाकी सगळ्या विद्यापीठांची नावं एकेक करून शोधा. निबंध मोठ्याने वाचा, अडखळाल ते वाक्य मोडा. वर्डमधून रकान्यात चिकटवल्यावर परिच्छेद आणि अवतरणचिन्हं नीट आहेत का पाहा. यूकासच्या रकान्यात ठळक किंवा तिरपी अक्षरं राहत नाहीत. पोर्टलची शब्दमोजणी वर्डपेक्षा वेगळी येऊ शकते, पोर्टलची ती खरी. पीडीएफचं नाव 'फायनल_नवीन_३' नको. आडनाव, नाव आणि निबंधाचा प्रकार ठेवा. निबंधातल्या तारखा, तास, पदं सीव्हीशी आणि अर्जाशी जुळतात का ते एका बैठकीत तपासा. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या ठिकाणी काही अर्जदारांकडून लिहिलेल्या गोष्टींचा पुरावा मागवला जातो.

प्रिव्ह्यूची पीडीएफ उतरवून मोबाइलवर नव्हे, कागदावर वाचा. आणि शेवटच्या रात्री पाठवू नका. भारतातल्या मध्यरात्रीची मुदत आणि तिकडच्या मध्यरात्रीची मुदत यांत अमेरिकेच्या बाबतीत साडेनऊ ते साडेतेरा तासांचा फरक असतो, आणि पेमेंट गेटवे अडकला तर तो सोडवायला एक कामाचा दिवस हाताशी हवा. यूकासवर पाठवलेलं स्टेटमेंट नंतर बदलता येत नाही. कॉमन ॲपवर निबंध पुढच्या कॉलेजांसाठी बदलता येतो, पण ज्यांना गेला त्यांच्याकडे जुनाच राहतो. म्हणून तुमच्या यादीतल्या सर्वांत हव्याशा कॉलेजचा अर्ज पहिल्याच दिवशी पाठवू नका; एक-दोन अर्ज गेल्यावर, निबंध पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालून मग पाठवा.